'पर्यायी' कशाला पर्यायी? : पूरक आणि पर्यायी वैद्यकाची एक चिकित्सा



संयोजकांनी आम्हांला विषय दिला तो 'पूरक व पर्यायी वैद्यक : एक परिचय' असा. परिचय करून द्यायचा तर आधी आपली स्वतःची ओळख असावी लागते. आमची या विषयाशी ओळख आहे ती रुग्ण म्हणून, रुग्णाचा भाऊ म्हणून, आणि चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवल्यामुळे 'अमक्यामुळे तमकं झालं' या वाक्याचा विद्यार्थी म्हणून. वैद्यकाची पदवी आमच्याकडे नाही. नावाआधी डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्या 'डॉक्टर'कीचा एक प्रसंग पुढे सांगायचा आहे.

मराठीत 'चिकित्सा' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. वैद्य करतो ती चिकित्सा, म्हणजे उपचार. आणि टीकाकार करतो तीही चिकित्सा, म्हणजे बारकाईने केलेली तपासणी. घरात प्रत्येक गोष्ट उलटसुलट करून पाहणाऱ्याला आपण 'फार चिकित्सक बाई' म्हणतो. भाषेने ही दोन कामं एका शब्दात ठेवली, पण व्यवहारात आपण त्यांची फारकत केली. उपचार घेताना प्रश्न विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. आज तासाभरात ही फारकत थोडी मिटवता आली तर पाहू.

नावाची गोष्ट

या छत्रीखाली कोण कोण उभं आहे ते आधी बघा. आयुर्वेद, युनानी, सिद्ध. जर्मनीत जन्मलेली होमिओपॅथी. निसर्गोपचार. चीनमधलं ॲक्युपंक्चर, जपानमधली रेकी, इंग्लंडात निघालेली बाख यांची पुष्पौषधी. शिवाय लोहचुंबक, रंग, रत्नं. आता आम्हांला सांगा, यांच्यात समान काय आहे? आयुर्वेदाला वात, पित्त, कफ लागतात. होमिओपॅथीच्या विचारात त्यांना जागा नाही. आयुर्वेदात औषधाच्या मात्रेला महत्त्व आहे. होमिओपॅथीत औषध जितकं विरळ करावं तितकी त्याची 'शक्ती' वाढते असं मानतात. म्हणजे हे दोघे खरं तर एकमेकांशी भांडायला हवेत. पण ते भांडत नाहीत, कारण दोघांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच आहे : आधुनिक वैद्यकाच्या अभ्यासक्रमात ते नाहीत.

हा वर्ग नकारावर उभा आहे. उद्या विद्यापीठात 'मराठी नसलेल्या भाषा' असा एकच विषय काढला आणि त्याला एकच परीक्षक नेमला, तर आपण हसू. इथे मात्र आपण एका दमात विचारतो, 'पर्यायी वैद्यकावर तुमचा विश्वास आहे का?' या प्रश्नाला हो म्हणणंही चूक आणि नाही म्हणणंही चूक. कोणतं औषध, कोणत्या रोगावर, कोणाला, एवढं विचारल्यावरच उत्तराला सुरुवात होते.

नावाचा इतिहासही बोलका आहे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये 'पर्यायी' वैद्यकासाठी एक कचेरी काढायला लावली. १९९८ मध्ये त्या कचेरीचं राष्ट्रीय केंद्र झालं आणि नावात 'पूरक आणि पर्यायी' असे दोन शब्द आले. २०१४ च्या शेवटी 'पर्यायी' हा शब्द काढून टाकला आणि 'पूरक आणि एकात्मिक' असं नाव ठेवलं. पर्यायी म्हणजे याच्याऐवजी ते. पूरक म्हणजे याच्याबरोबर ते. एकात्मिक म्हणजे हे आणि ते यांत भेदच नको. तिन्ही दावे वेगळे आहेत, आणि प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागेल. नाव बदललं म्हणून पुराव्यात भर पडत नाही.

आपल्या देशात तर 'पर्यायी' हा शब्दच नीट बसत नाही. १९९५ मध्ये केंद्रात भारतीय चिकित्सापद्धती आणि होमिओपॅथीसाठी वेगळा विभाग झाला, २००३ मध्ये त्याचं नाव 'आयुष' झालं, २०१४ मध्ये त्याचं स्वतंत्र मंत्रालय झालं. बीएएमएस आणि बीएचएमएस या कायद्याने मान्य पदव्या आहेत. आपल्या कितीतरी गावांत रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर याच पदव्यांचा असतो, आणि त्याच्या कष्टांविषयी आमच्या मनात आदर आहे. तेव्हा आपल्याकडे 'यांना मान्यता द्यावी का' हा प्रश्नच नाही. मान्यता केव्हाच दिलेली आहे. राजमान्यता मिळालेल्या औषधाची तपासणी इतर औषधांइतकीच कडक का नसावी, हा प्रश्न आहे.

'गुण आला' म्हणजे काय?

आपण म्हणतो, 'मला त्यांच्या औषधाचा गुण आला.' हे वाक्य खोटं आहे असं आम्ही कधीच म्हणणार नाही. माणूस आजारी होता, औषध घेतलं, बरा झाला. हे तिन्ही खरं. प्रश्न आहे तो या तीन गोष्टींना जोडणाऱ्या धाग्याचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे आपण म्हणीत सांगतो. संस्कृतात त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. पुष्कळसे आजार आपले आपण जातात. संधिवात, अर्धशिशी, इसब यांसारखे आजार भरती-ओहोटीसारखे चढतात-उतरतात, आणि आपण दवाखान्याची पायरी चढतो ती भरती असताना. त्यानंतर ओहोटी येणारच असते. त्या वेळी फांदीवर जो कावळा बसलेला असतो त्याला श्रेय मिळतं.

आपल्या परंपरेत याला उपाय सांगितला आहे : अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे असतं, हा अन्वय. ते नसताना हे नसतं, हा व्यतिरेक. घरगुती अनुभवात अन्वय भरपूर असतो. व्यतिरेक तपासायला मात्र कुणी थांबत नाही. औषध घेतलं नसतं तर काय झालं असतं, हे एकट्या माणसाच्या अनुभवातून कळायचा मार्गच नाही. त्यासाठी सारख्या रुग्णांचे गट लागतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी शल्यवैद्याने सॅलिसबरी नावाच्या जहाजावर स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, सगळ्यांचं रोजचं जेवण सारखं ठेवलं, आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. बाकीच्या पाच जोड्या म्हणजे व्यतिरेक. यात पौर्वात्य-पाश्चात्त्य काही नाही. ही तर्काची साधी शिस्त आहे.

आता एक अलीकडचा प्रयोग सांगतो. आमच्या मते तो या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी जातो. २०११ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दम्याच्या रुग्णांना आळीपाळीने चार गोष्टी दिल्या : खऱ्या औषधाचा पंप, औषध नसलेला पंप, खोटं ॲक्युपंक्चर, आणि काहीच नाही. मग दोन गोष्टी मोजल्या. पहिली, रुग्णाला किती बरं वाटलं. खऱ्या औषधाने साधारण ५० टक्के सुधारणा वाटली, खोट्या पंपाने ४५ टक्के, खोट्या सुयांनी ४६ टक्के. काहीच न देता २१ टक्के. म्हणजे खऱ्या-खोट्यात जवळजवळ फरक नाही. दुसरी गोष्ट, फुप्फुसांतून श्वास किती जोरात बाहेर पडतो ते यंत्रावर मोजलं. खऱ्या औषधाने ते माप २० टक्क्यांनी सुधारलं. बाकी तिन्हींत सुधारणा सारखीच, ७ टक्क्यांच्या आसपास.

मराठीत 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं' हे दोन वेगळे प्रयोग आहेत. या प्रयोगाने ते दोन शब्द यंत्रावर वेगळे करून दाखवले. बरं वाटणं खोटं नाही. पाठदुखीत, मळमळीत, झोप न येण्यात बरं वाटणं हेच बरेचदा साध्य असतं. पण दम्याच्या झटक्यात ज्याला बरं वाटलं आणि ज्याची श्वासनलिका मिटलेलीच राहिली, तो माणूस धोक्यात आहे, आणि त्याला ते कळतही नाही.

साबुदाण्याच्या गोळ्या

या विषयात होमिओपॅथीला टाळून चालत नाही. महाराष्ट्रात तर नाहीच. तिच्या जनकाशी आधी न्यायाने वागू. सॅम्युएल हानेमान १७५५ चा जन्म. त्या काळचं मान्यताप्राप्त वैद्यक म्हणजे रक्त काढणं, पारा देणं, रेच देणं. १७९९ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा सुजला, तेव्हा नामवंत डॉक्टरांनी काही तासांत पुन्हा पुन्हा त्यांचं रक्त काढलं. ते त्याच दिवशी वारले. अशा काळात हानेमान रुग्णाशी तपशिलात बोलतात आणि जवळजवळ काहीच देत नाहीत. त्या काळाच्या मानाने हा पुष्कळ सुरक्षित उपचार होता. बंडखोर म्हणून आम्हांला ते आदरणीयच वाटतात.

पण १८१० मध्ये 'ऑर्गॅनॉन' लिहिताना त्यांच्यासमोर रेणूंची मोजणी नव्हती, आपल्यासमोर आहे. बाटलीवर '३० सी' लिहिलेलं असतं, म्हणजे एकास शंभर असं तीस वेळा विरळ केलेलं. एकावर साठ शून्यं एवढ्या भागांत एक भाग. बाराव्या पायरीपाशीच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरला तर उरला. त्यापुढच्या अठरा पायऱ्या पाण्यात पाणी मिसळण्याच्या आहेत. 'पाण्याला आठवण राहते' असं उत्तर दिलं जातं. राहत असेल तर मग पाण्याला फक्त त्या एकाच पदार्थाची आठवण का राहावी, आजवर ते ज्या नद्यांतून, नळांतून, हंड्यांतून गेलं त्या सगळ्यांची का नाही, हे सांगावं लागेल. हे कुणी सांगितलेलं आमच्या वाचनात नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजाराबाबत मिळत नाही.

सर्पगंधेची गोष्ट

म्हणजे देशी ते सगळं टाकाऊ? मुळीच नाही. उलट उदाहरण मुंबईचंच आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद यांवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर ती वापरून, पद्धतशीर नोंदी ठेवून, १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. जग खडबडून जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळालं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आमच्या मते खरा धडा पुढेच आहे. रेसर्पिनने काही रुग्णांचं मन खचतं अशा तक्रारी येऊ लागल्या, त्याहून चांगली औषधं निघाली, आणि ते मागे पडलं. ज्या शिस्तीने त्याला आत घेतलं त्याच शिस्तीने त्याला बाजूला केलं. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातला इशारा धरून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन शोधलं आणि २०१५ चं नोबेल मिळवलं, तीही हीच वाट. परंपरा प्रश्न पुरवते. उत्तर पडताळावं लागतं. आणि पडताळणीत उतरलेलं औषध 'पर्यायी' राहत नाही, ते नुसतं औषध होतं.

'नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तरी अपाय नाही', हे वाक्यही एकदा तपासून घ्या. २००८ मध्ये अमेरिकेत आंतरजालावर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. धोतरा नैसर्गिकच आहे. फुरसंही नैसर्गिकच आहे. ज्या पदार्थात गुण करण्याइतकी ताकद आहे, त्यात अवगुण करण्याचीही असणार. अपाय शून्य हवा असेल तर परिणामही शून्य मानावा लागेल.

अक्का

आता तो प्रसंग. १९९३ ची भाऊबीज. आम्ही थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो होतो. ओवाळून झाल्यावर तिने आम्हांला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं, छातीत गाठ लागतेय, सुपारीएवढी. गावात एक गोळ्या देणारे गृहस्थ होते, त्यांचं औषध तिने सुरू केलं होतं. ते तिला पाऊण पाऊण तास विचारायचे : झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, थंडी सोसते का, यजमान गेल्यावर रडलात का. वैधव्याच्या अकरा वर्षांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

आम्ही म्हटलं, एकदा शहरात दाखवून घेऊ. ती म्हणाली, "ते गाठ कापा म्हणतील. इथं गाठ मऊ पडलीय. अरे, तू डॉक्टर ना? मग तूच सांग, काय करू?" आणि आम्ही हसून म्हणालो, "अक्का, मी तसला डॉक्टर नव्हे. तुझा निर्णय तू घे."

आम्हांला तेव्हा वाटलं, आपण तिच्या स्वातंत्र्याचा मान राखला. चैत्रापर्यंत गाठ लिंबाएवढी झाली. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले, "इतके महिने काय करत होता?" एवढं विचारलं, आणि चार मिनिटांत पुढच्या रुग्णाला बोलावलं. पुढची भाऊबीज झाली. त्याच्या पुढची झाली नाही.

यावरून गोळ्यांनी अक्का गेली असं सिद्ध होतं का? नाही. कावळ्या-फांदीची म्हण आम्हांलाही लागू आहे. लगेच शस्त्रक्रिया करूनही ती गेली असती, हे शक्य आहे. एका माणसाच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नसेल, तर ते आमच्या बाजूच्या गोष्टीनेही होत नाही. म्हणून पुन्हा गटांकडे जावं लागतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगाच्या नोंदींवरचा एक अभ्यास आला. शरीरात इतरत्र न पसरलेला कर्करोग असूनही ज्यांनी केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट दिसला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटीहून अधिक होता.

त्याच वर्षी त्याच गटाने दुसरा प्रश्न विचारला : 'ऐवजी' नव्हे, 'बरोबर' घेतलं तर? म्हणजे पूरक. तिथेही धोका दुप्पट निघाला. पण का, ते बघा. पूरक उपचार घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी केमोथेरपी नाकारली होती. इतरांत हे प्रमाण ३ टक्के. नाकारण्याचा आणि उशिराचा हिशेब वजा केल्यावर धोक्यातला फरक उरला नाही. जडीबुटीने कुणी मेलं असं या अभ्यासातून निघत नाही. 'पूरक' म्हणून घरात आलेली गोष्ट हळूहळू 'पर्यायी' होत गेली, हा तिथला घोटाळा आहे. आम्ही सुरुवातीला शब्दांची एवढी चिरफाड का केली, ते आता लक्षात येईल.

दोष कुणाचा?

कुणी म्हणेल, आणि म्हणावंच, की आधुनिक रुग्णालयं काय कमी आहेत? चार मिनिटांचा वेळ, नको त्या तपासण्या, 'कट'चा धंदा, बिलं भागवायला विकलेली शेतं. सगळं मान्य. यावर जितकी टीका कराल तितकी कमीच. पण शेजाऱ्याचं छप्पर गळतं म्हणून आपली कौलं शाबूत ठरत नाहीत. रुग्णालय लुटतं, यावरून रुग्णालयाला शिस्त लावावी हे निघतं. साखरेच्या गोळीत औषध आहे हे निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा हा हेत्वाभास आहे. गोळ्या देणाऱ्या त्या गृहस्थांनी अक्काला पाऊण तास दिला, ही त्यांची खरी विद्या होती. ती विद्या एमबीबीएसवाल्याने शिकायला कोणती हरकत आहे? त्यासाठी पाण्याच्या आठवणीवर विश्वास ठेवावा लागत नाही.

आणि हे सगळं परंपरेविरुद्ध आहे असं समजू नका. चरकाने दैवावर भिस्त ठेवणारी चिकित्सा आणि युक्तीवर भिस्त ठेवणारी चिकित्सा यांत भेद केला. प्रमाणांच्या यादीत 'युक्ती'ला वेगळं स्थान दिलं. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात त्याने वैद्यांनी वाद कसा करावा ते शिकवलं, आणि विद्यार्थ्याने आधी शास्त्राची आणि मग आचार्याची परीक्षा घ्यावी असं सांगितलं. त्याचं नाव घेऊन 'तपासू नका' म्हणणाऱ्याने चरक वाचलेला नाही.

मग आपण काय करायचं? एक, कोणताही उपचार घेताना विचारायचं, हा कशाऐवजी की कशाबरोबर? दोन, मला बरं वाटण्यासाठी घेतोय की बरं होण्यासाठी? तीन, किती दिवसांत फरक पडला नाही तर तुम्ही स्वतः हे थांबवाल? या तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, तो कोणत्याही पदवीचा असो, तिथून उठायचं. चार, आपण जे जे घेतो, काढे-चूर्णं धरून, ते आपल्या डॉक्टरला सांगायचं. १९९० मध्ये अमेरिकेत असे उपचार घेणाऱ्या दहांतल्या सातांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडे निराळं असेल असं वाटत नाही.

आणि पाच, हे आमच्यासाठी. घरातलं कुणी विचारेल, 'काय करू, सांग', तेव्हा 'तुझा निर्णय तू घे' एवढंच म्हणून मोकळं व्हायचं नाही. निर्णय तिचाच, पण निर्णयाला लागणारी माहिती तिच्या हातात देणं, तिच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसणं, हे आपलं काम. माहितीशिवाय दिलेल्या स्वातंत्र्यात आम्ही अक्काला एकटं सोडलं होतं. तसला डॉक्टर नसलो, तरी एवढं आम्हांला करता आलं असतं.

आता कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. आम्ही स्वतः रोज रात्री गुडघ्यांना तेल चोळतो. बरं वाटतं. रक्तदाबाची गोळी मात्र सकाळी न चुकता घेतो, आणि तेलाचं डॉक्टरांना सांगितलेलं आहे.

माईक मागच्या रांगेकडे पाठवा. तिथे मघापासून एका बाईंचा हात वर आहे.